अर्थमिती धानाच्या बांधीत रुजावी

दिवाळी नुकतीच सरली होती. गोंदिया जिल्ह्यात हलक्या धानाची कापणी आटोपली होती आणि भारी धान अजून बांध्यांत उभे होते. अशाच एका संध्याकाळी शेजारच्या घरातील मुलगी वही घेऊन आली. ती पदवीच्या वर्गात अर्थशास्त्र शिकते आणि 'इकॉनॉमेट्रिक्स' म्हणजे अर्थमिती हा विषय तिला यंदा नव्याने आला आहे. "काका, तुम्ही इतकी वर्षे वर्तमानपत्रात आकडे लिहिता. हे रिग्रेशन शिकायचे कशासाठी, एवढे तरी सांगा," असे ती म्हणाली. वहीत सूत्रे सुवाच्य अक्षरात उतरवलेली होती. उदाहरण मात्र अमेरिकेतील कामगारांचे होते. शिक्षणाचे एक वर्ष वाढले की तासाचे वेतन किती डॉलरने वाढते, हे त्यात काढून दाखविले होते.

प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे. तिच्या प्रश्नाला त्या क्षणी समाधानकारक उत्तर देता आले नाही, हे मान्य केले पाहिजे. तिच्या मामाची अर्जुनी मोरगाव तालुक्यात धानाची शेती आहे. त्या शेतीचा या वहीशी काही संबंध असेल असे तिला वाटले नव्हते आणि खरे सांगायचे तर मलाही तोवर वाटले नव्हते. पुढे काही आठवडे या विषयाची पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. तेव्हा लक्षात आले की हा संबंध अत्यंत निकटचा आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांना कोणी सांगत नाही, ही केवळ शैक्षणिक उणीव नाही. तिची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते.

मामाच्या बांधीवरील रेषा

प्रथम हे शास्त्र आहे तरी काय, ते साध्या भाषेत पाहू. चाळीस गावांतील धानाचे एकरी उत्पन्न आणि त्या गावांत पडलेला पाऊस यांचे आकडे आपल्याजवळ आहेत असे समजा. कागदावर आडव्या अक्षावर पाऊस आणि उभ्या अक्षावर उत्पन्न मांडले की चाळीस ठिपके उमटतात. या ठिपक्यांच्या मधून अशी एक रेषा काढायची की प्रत्येक ठिपक्याचे रेषेपासूनचे उभे अंतर मोजून, त्या अंतरांचे वर्ग करून बेरीज केली, तर ती कमीत कमी यावी. यालाच लघुतम वर्ग पद्धती म्हणतात. फ्रेंच गणिती लजांद्र याने ती १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. 'रिग्रेशन' हा शब्द मात्र इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनचा. उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी उंच नसतात, ती सर्वसाधारण उंचीकडे परततात, असे त्याने १८८६ मध्ये दाखविले. या परतण्याला त्याने जे नाव दिले, तेच पुढे साऱ्या पद्धतीला चिकटले. मराठी पुस्तकांत त्याला कुठे 'समाश्रयण' तर कुठे 'प्रतिगमन' म्हटलेले आढळते. अर्थशास्त्र, गणित आणि संख्याशास्त्र यांच्या संगमाला 'इकॉनॉमेट्रिक्स' हे नाव नॉर्वेच्या राग्नार फ्रिश यांनी दिले. १९६९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक प्रथमच दिले गेले, ते फ्रिश आणि हॉलंडचे यान टिनबर्गन यांना विभागून.

आता मामाच्या बांधीकडे वळू. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून देशात लागू झाली. तिच्यात उत्पन्नावर आधारित भरपाई ठरते ती महसूल मंडळासारख्या क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून. ही सरासरी पीक कापणी प्रयोगांतून मिळते. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेथील धान कापायचे, मळायचे, तोलायचे आणि त्यावरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न अनुमानायचे. २०२३ च्या खरिपापासून यात आणखी एक गोष्ट आली आहे. धान आणि गहू या पिकांसाठी उपग्रहाची छायाचित्रे, हवामान इत्यादींवरून तंत्रज्ञानाने काढलेल्या अनुमानाला अंतिम आकड्यात ३० टक्के वजन देण्याचे केंद्राने ठरविले. हा निर्णय योग्य दिशेचा आहे. कापणी प्रयोगात माणसाकडून होणारी हयगय आणि विलंब त्यामुळे कमी होऊ शकतो. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. आकाशातून दिसणाऱ्या हिरवेपणाचे जमिनीवरील क्विंटलशी नाते जोडणारे कोणते तरी गणिती प्रतिमान संगणकात बसलेले असते. वहीतल्या त्या रेषेचेच ते अधिक प्रगत भावंड. भाचीला ज्या विषयाचे प्रयोजन कळत नाही, त्याच विषयाच्या आधारे मामाच्या नुकसानीचा निवाडा होऊ लागला आहे.

गोंदियासारख्या जिल्ह्याच्या दृष्टीने याचे महत्त्व किती, हे निराळे सांगावयास नको. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे सव्वातेरा लाख. येथील अर्थकारण धानावर, धानगिरण्यांवर आणि जंगलातील तेंदूपानांवर उभे आहे. आपल्या धानाविषयीची अनुमाने पुण्या-मुंबईत, दिल्लीत वा बंगळुरात काढली जाणार असतील, तर ती तपासून 'येथे चूक आहे' असे शास्त्राच्या भाषेत सांगणारी दहा-वीस मुले-मुली तरी या जिल्ह्यात असावयास नकोत काय?

कावळा आणि फांदी

रेषा काढणे संगणकाला क्षणार्धात जमते. खरे शिक्षण त्यानंतर सुरू होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण म्हणतो. दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे शहाणपण आपल्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहे. अर्थमिती म्हणजे याच शहाणपणाला दिलेली शिस्त होय.

एक उदाहरण घेऊ. समजा, चाळीस गावांच्या आकड्यांवरून असे दिसले की युरियाच्या एका जादा पोत्यामागे एकरी दोन क्विंटल धान वाढते. खत कंपनीचा प्रचारक हा निष्कर्ष आनंदाने छापील. परंतु जादा खत कोण टाकतो? ज्याच्या बांधीला तलावाचे वा कालव्याचे हमखास पाणी आहे, तो. पाण्याचा आकडा आपण गणितात घेतलाच नाही, म्हणून पाण्याचे श्रेयही खताच्या खात्यात जमा झाले. पाणी हे चल गणितात आणले की खताचा वाटा दोन क्विंटलवरून अर्ध्या क्विंटलवर येऊ शकतो. आज अर्थमितीच्या पहिल्या पाठ्यपुस्तकात विद्यार्थ्याला ज्या दोषांपासून सावध केले जाते, त्यातील हा प्रमुख. सुटलेल्या चलामुळे येणारा पूर्वग्रह, असे त्याला म्हणता येईल.

आपल्या न्यायशास्त्राच्या अभ्यासकाला हे वाचून नवल वाटणार नाही. जेथे धूर तेथे अग्नी, हे अनुमान बरोबर. जेथे अग्नी तेथे धूर, हे मात्र चूक, कारण धूर येण्यासाठी ओले सरपण लागते. या लपलेल्या अटीला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटले आणि उपाधी असलेले अनुमान सदोष मानले. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त, म्हणजे संस्कृत पाठशाळेतील प्रारंभिक पुस्तकातच, हे उदाहरण येते. गावोगावच्या आकड्यांत पाणी ही खताची उपाधी आहे, असे शिक्षकाने एकदा सांगितले तर विद्यार्थ्याला तो दोष जन्मभर विसरता येणार नाही. डॉलरच्या उदाहरणाने हे कसे साधणार?

गाल्टनच्या त्या 'परतण्या'तही पत्रकारांसाठी एक धडा आहे आणि तो मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका योजनेच्या यशाची बातमी मी मोठ्या उत्साहाने लिहिली होती. ज्या गावांत उत्पन्न सर्वांत कमी आले, त्या गावांत विशेष मोहीम राबविली आणि पुढील वर्षी तेथील उत्पन्न वाढले, असा तिचा आशय होता. आकडे खरे होते, निष्कर्ष कच्चा होता. एखाद्या वर्षी अगदी तळाला गेलेली गावे मोहीम नसतानाही पुढच्या वर्षी बहुधा वर येतात, कारण त्या वर्षीच्या दुर्दैवाचा वाटा पुन्हा तसाच येत नाही. मोहिमेविना राहिलेल्या तशाच गावांशी तुलना करावयास हवी होती. ती मी मागितली नाही, कारण मागावयाची असते हेच ठाऊक नव्हते.

वारसा आहे, पण पुरेसा नाही

हा विषय परकीय आहे, तो आपल्याला काय करायचा, असे म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांनी महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यान आठवावे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण दमयंतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे निघालेला असतो आणि रथ हाकीत असतो बाहुकाच्या रूपातील नल. वाटेत बेहड्याचे झाड लागते. त्याच्या दोन शाखांवर फळे किती आणि पाने किती, हे ऋतुपर्ण न मोजता सांगतो. नल त्यावर विश्वास ठेवून पुढे जात नाही. तो रथ थांबवितो, झाडाची फळे मोजून पाहतो आणि आकडा जुळल्यावरच ती विद्या मागतो, बदल्यात आपली अश्वविद्या देतो. अनुमान, पडताळा आणि विद्येची देवघेव या तिन्ही गोष्टी या एका कथेत आहेत आणि त्या विदर्भाच्या वाटेवर घडल्या आहेत. नागझिऱ्याच्या जंगलात बेहडा आजही उभा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर पाऊस मोजण्याचे माप आहे. जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस द्रोण, अशी प्रदेशवार नोंद त्यात आहे आणि तीही पेरणीच्या नियोजनासाठी.

मात्र येथे एक पथ्य पाळले पाहिजे. ऋतुपर्णाच्या कथेवरून अर्थमिती आमच्याकडे आधीपासून होती, असा डंका पिटणे म्हणजे पूर्वजांच्या श्रमावर आयते जगणे होय. लघुतम वर्गांचे गणित आपण केलेले नाही, हे सत्य आहे. वारशाचा खरा अभिमान तो वारसा पुढे नेणाऱ्यालाच शोभतो आणि तसे पुढे नेणारे मराठी पुरुष होऊन गेले आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध येथे १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे त्यांपैकी एक. १९४० च्या दशकात पीक कापणीसाठी शेतात केवढा तुकडा आखावा, यावर देशात मोठा शास्त्रीय वाद झाला. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या पक्षाचे होते. तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्न वास्तवाहून जास्त दिसते, हे सुखात्मे यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वापरले. आज गोंदियाच्या बांधीत कोतवाल आणि कृषी सहायक दोरी लावून तुकडा आखतात, त्या दोरीमागे या वादाचा इतिहास आहे. १९३० मध्ये पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभारणारे धनंजयराव गाडगीळ यांचे बालपण नागपुरात गेले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूपद भूषविलेले डॉ. म. गो. बोकरे हे मार्क्सवादाकडून स्वदेशी विचाराकडे आले आणि त्यांनी १९९३ मध्ये 'हिंदू इकॉनॉमिक्स' हा ग्रंथ सिद्ध केला. याच विद्यापीठाच्या छत्राखाली गोंदियाची महाविद्यालये येतात. ही नावे अर्थशास्त्राच्या किती विद्यार्थ्यांच्या कानावर पडतात?

आकड्यांचा अहंकार

आकडेमोडीला देव मानण्याचा धोकाही आपल्या देशाने भोगला आहे. महालनोबिस यांची संख्याशास्त्रातील थोरवी वादातीत आहे. १९३१ मध्ये त्यांनी भारतीय सांख्यिकी संस्था स्थापिली आणि १९५० पासूनच्या राष्ट्रीय नमुना पाहणीमागे त्यांचीच प्रेरणा होती. परंतु दुसऱ्या पंचवार्षिक योजनेसाठी त्यांनी रचलेल्या प्रतिमानात विदेश व्यापाराला जवळजवळ स्थान नव्हते आणि भर होता तो अवजड उद्योगांवर. अर्थतज्ज्ञांच्या मंडळात प्रा. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये एकट्याने भिन्नमतपत्रिका जोडली. ती बाजूला सारली गेली. योजना १९५६ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी अमेरिकेशी पीएल ४८० खालील धान्याचा करार करावा लागला आणि पुढच्याच वर्षी परकीय चलनाचे संकट उभे राहिले. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९५८ मध्ये दोन्ही योजनांची चिकित्सा करणारे पुस्तक लिहिले, हे आज अनेकांना ठाऊकही नसते. त्यांनी केवळ भावनेचे आवाहन केले नाही, शासनाच्या आकड्यांना आकड्यांनी प्रश्न विचारले. आपल्या परंपरेतील हा धडा आहे. आकड्यांचा तिरस्कार करणारा कार्यकर्ता त्या परंपरेत बसत नाही.

साधन आणि साध्य यांतील विवेक सुटला तर काय होते, हे गाल्टनच्याच चरित्रात दिसते. 'रिग्रेशन' देणाऱ्या याच माणसाने माणसांचा वंश 'सुधारण्या'च्या कल्पनेला 'युजेनिक्स' हे नाव दिले आणि त्या कल्पनेने विसाव्या शतकात किती अनर्थ केला, हे जग जाणते. गणित निर्दोष असूनही त्याचा उपयोग अमानुष होऊ शकतो. म्हणून हा विषय ज्याच्या हाती द्यायचा, त्याच्या मनावर काही संस्कारही हवेत.

रेषेपासून दूरचा ठिपका

पुन्हा त्या मुलीकडे येतो. अमेरिकेतील वेतनाचे उदाहरण बाजूला ठेवून तिने मामाच्या गावातील वीस शेतकऱ्यांचे एकरी उत्पन्न आणि खताचा खर्च लिहून आणावा, असे आम्ही ठरविले. तिने तसे केले आणि आलेखाच्या कागदावर वीस ठिपके मांडून रेषा काढली. एकोणीस ठिपके थोडेफार रेषेच्या आजूबाजूला होते. एक ठिपका मात्र पार खाली पडला होता. पुस्तकाच्या भाषेत त्या अंतराला 'अवशेष' म्हणतात. असा एखादाच दूरचा ठिपका साऱ्या रेषेला आपल्याकडे ओढतो, म्हणून घाईचा अभ्यासक त्याला अपवाद ठरवून खोडून टाकतो. तिने कागद मामाला दाखविला. मामांनी क्षणभर पाहिले आणि त्या शेतकऱ्याचे नाव सांगितले. "त्याची बांधी टेलवर आहे. कालव्याचं पाणी तिथवर पोचतच नाही."

त्या एका वाक्यात मला या विषयाचे सारे प्रयोजन सापडले. दीनदयाळजींनी सांगितलेला अंत्योदय म्हणजे रांगेतील शेवटच्या माणसाचा विचार. सरासरी त्या माणसाला दाखवीत नाही, उलट झाकून टाकते. रेषा काढली की तो रेषेपासून दूर पडलेला दिसतो. पण तो तसा का पडला, हे संगणक सांगत नाही, गाव सांगते. दूरचा ठिपका दिसला की त्याच्या घरी जावे, एवढे जरी अर्थमितीच्या विद्यार्थ्याने मनाशी बांधले, तरी त्याचे शिक्षण सार्थकी लागले.

काय करता येईल?

हे घडवून आणण्यासाठी शासकीय आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने मातृभाषेतील उच्च शिक्षणाला आणि स्थानिक प्रश्नांवरील प्रकल्पांना दार उघडून दिले आहे. त्या दारातून आत जाणारे हवेत. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. ते कोहळी समाजाच्या आणि गोंड राजवटींच्या काळातील जलविद्येचा ठेवा आहेत. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे परंपरा सांगते. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव शासनाकडे आले. त्यांतील अनेक पुढे गाळाने भरले. गाळ काढल्याने धानाचे उत्पन्न नेमके किती वाढते, हा प्रश्न गोंदियाच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे. गाळ काढलेली गावे घ्यावीत, न काढलेली त्यांच्यासारखीच गावे घ्यावीत, काढण्यापूर्वीचे आणि नंतरचे उत्पन्न मांडावे आणि दोहोंतील फरकांची तुलना करावी. या तऱ्हेच्या तुलनेचा पाया भक्कम करणाऱ्या डेव्हिड कार्ड, जोशुआ अँग्रिस्ट आणि गिदो इम्बेन्स यांना २०२१ चे नोबेल मिळाले. आपल्या तलावांनी तीच पद्धत शिकविली तर विद्यार्थी ती विसरणार नाहीत आणि तलावांचेही भले होईल.

प्राध्यापकांनी मराठी परिभाषेसह एक छोटी पुस्तिका लिहावी, जिच्यात प्रत्येक उदाहरण धानाचे, तेंदूपानाचे, धानगिरणीचे असेल. कार्यकर्त्यांनी आपल्या गावच्या पीक कापणी प्रयोगाला उपस्थित राहावे, तुकडा कसा निवडला हे विचारावे आणि नोंद ठेवावी. सेवाकार्य करणाऱ्यांनीही आपल्या कामाची फलनिष्पत्ती याच कसोटीवर घासून पाहावी. केवळ लाभार्थ्यांची संख्या छापून समाधान मानू नये. आणि पालकांनी, मुलीने अर्थशास्त्र घेतले म्हणून तिला स्पर्धा परीक्षेच्या शिकवणीकडे ढकलण्यापूर्वी, तिच्या वहीत काय आहे ते एकदा विचारावे.

नलाने ऋतुपर्णाची विद्या घेतली, पण आधी फळे मोजून पाहिली. शास्त्र कोठूनही यावे, त्याचा पडताळा मात्र आपल्या झाडाखाली उभे राहून आपणच घ्यावा. ती मुलगी आता टेलवरच्या सगळ्या बांध्यांची वेगळी नोंद करीत आहे. त्या नोंदीत पाणी हे चल असेल, असे तिने मला सांगितले.